गच्चीवरील बाग – लेखांक 7 : पिवळ्या पानाची कैफियत

मागील लेखांकात शेणखत, गांडूळखत, कोकोपीट आणि निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने पिंपे कशी भरावीत याचा विचार झाला. भिवंडीत अशा पिंपांना तोटा नाही. काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूच्या गोदामांतून निघालेली पिंपे भंगारवाल्याच्या वखारीत येतात आणि तेथून ती अर्धी कापून घेऊन गृहस्थ गच्ची गाठतो. (ज्यांत कधी रसायने साठवली होती ती पिंपे कितीही धुतली तरी घेऊ नयेत, हे पुन्हा बजावून ठेवतो.) ज्येष्ठात लावलेली वांगी आणि मिरच्या आषाढात जोम धरतात, आणि श्रावण सरता सरता, आता फुले येणार अशा बेतात मंडळी असतानाच, पाने फिकी पडू लागतात. मग घरातील प्रत्येक जण आपला उपाय सुचवू लागतो : कोणी चुलीतील राख, कोणी अंड्यांची टरफले, कोणी केळ्याच्या साली, आणि सेंद्रियाचा आग्रह ज्यांना ठाऊक नाही असे शेजारचे काका मूठभर युरिया घेऊन हजर होतात.

या सर्व उपायांच्या मुळाशी एकच गृहीतक असते, ते असे की पान पिवळे झाले म्हणजे मातीतील काहीतरी संपले. सेंद्रिय मातीच्या पिंपात हे गृहीतक पुष्कळदा खोटे ठरते. अन्नद्रव्य तेथे असते, पण ते मुळांच्या हाती लागत नाही; कधी ते मातीतील जंतूंनी स्वतःच्या वाढीसाठी अडकवून ठेवलेले असते, कधी अविद्राव्य रूपात बसलेले असते, तर कधी पाण्याने तुंबलेली मुळेच गुदमरून गेल्यामुळे समोरचे अन्नही त्यांना उचलता येत नाही. म्हणून पहिला तपास खताचा नव्हे, तर पाण्याचा करावा : बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, आणि बुडाची भोके काडी घालून मोकळी आहेत की नाहीत याची खातरजमा करावी.

त्यानंतरच पानाची कैफियत ऐकावी. आणि तीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला की कोवळ्या पानांपासून? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पतीच्या देहात फिरती असल्याने तूट पडताच झाड ती खालच्या पानांतून काढून शेंड्याकडे रवाना करते, आणि खालची पाने उजाड होतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांना मात्र एकदा मुक्काम केलेल्या पानातून सहसा हलता येत नाही. म्हणून त्यांची टंचाई प्रथम शेंड्यावर उमटते. ही लक्षणे ज्या प्रयोगांतून निश्चित होत गेली, त्यांची परंपरा 1860च्या सुमारास जर्मनीत यूलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीविना, क्षारांच्या द्रावणात रोपे वाढविली तेथपर्यंत जाते : एक क्षार वगळावयाचा आणि रोप कसे आजारते ते पाहावयाचे. आपल्या पिंपात मात्र एकच द्रव्य असे नेमके गैरहजर क्वचितच असते. तेव्हा पुस्तकातील तक्त्याची साक्ष ग्राह्य धरावी, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

भिवंडीच्या पावसात खालची पाने सरसकट फिकी पडली, तर संशय नत्रावरच घ्यावा. कुजणाऱ्या खतातून सुटणारे नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, आणि जुलैच्या धारेत ते बुडाच्या भोकांतून चहाच्या रंगाच्या पाण्याबरोबर निघून जाते. शिवाय गोदामांकडे मोडक्या पॅलेटांचा भुसा फुकट मिळतो म्हणून तो मातीत कालवण्याचा मोह येथे अनेकांना होतो. लाकडाच्या भुशात कर्ब अतोनात आणि नत्र नाममात्र. तो पचविण्यासाठी जंतू आजूबाजूचे नत्र ओढून घेतात, आणि झाड उपाशी राहते. भुसा वर पसरावा, आत मिसळू नये. उपाय म्हणून भुईमुगाची पेंड (तीत सुमारे 7 टक्के नत्र असते) तीन-चार दिवस भिजवून, ते पाणी दसपट पातळ करून उघडीप पाहून घालावे. धो धो पावसात घातले तर ते गटाराला पोचते, एवढेच.

शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांतील शिरा मात्र हिरव्यागार, असे जास्वंदीवर, मोगऱ्यावर किंवा लिंबावर दिसले, तर मामला बहुधा लोहाचा असतो. येथे राख टाकणारा मनुष्य आपल्या हाताने रोग वाढवितो, कारण राखेने माती अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी मातीत लोह असूनही विरघळत नाही. बोअरिंगच्या कठीण पाण्याचा, ज्याचा पांढरा थर बादलीला धरतो, परिणामही तोच. या निदानाची एक सुंदर परीक्षा आहे. फ्रान्समध्ये यूजेब ग्री याने 1843च्या सुमारास पिवळ्या पानांना लोहक्षाराचे द्रावण लावून ती हिरवी करून दाखविली होती; तेच आपण करावे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे हिराकस लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम विरघळवून, लिंबाच्या रसाचे थोडे थेंब पिळून, ते संध्याकाळच्या वेळी पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागास कुंचल्याने लावावे. लोहाचीच तूट असल्यास आठवड्या-दहा दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा होतो, आणि फवारले असेल तर जेथे जेथे थेंब बसला तेथे हिरवे ठिपके उठतात. उणीव अशी सिद्ध झाली, तर हिराकस वापरण्यास सेंद्रियवाद्यांनीही नाक मुरडू नये असे माझे मत आहे.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर ती मॅग्नेशियमची तूट. केळ्याच्या साली आणि राख यांतील पालाशाचा अतिरेकही तिला कारण होतो, म्हणून प्रथम तो मारा थांबवावा. जुन्या पानांच्या कडा करपल्या, तर पालाश कमी असेल अथवा क्षार साचले असतील. मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसल्यास दुसरे खरे मानून, साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी.

राहिला टोमॅटोच्या बुडावरचा काळा, खोलगट डाग. तो कॅल्शियमच्या टंचाईचा आहे, हे खरे. पण टरफलांची रास घालून तो जात नाही, कारण टरफले विरघळण्यास फार काळ लागतो आणि कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओघाबरोबर चढते. कुंडी एक दिवस तडकलेली आणि दुसऱ्या दिवशी तुंबलेली राहिली, तर मातीत असलेले कॅल्शियमही फळापर्यंत पोचत नाही. डागाळलेली फळे तोडून टाकावीत, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी रोज ठरल्या वेळी द्यावे. पुढचे घोस बहुधा निर्दोष येतात. तुंबलेल्या मुळांची आणि निचऱ्याची हकीकत पुढील लेखांकी.