मोबाइल फोनची मंदावणारी गती : कारणे व उपाय

शेतीच्या साधनांत आता मोबाइल फोनचीही गणना करावी लागते. महाराष्ट्रात २०२१ सालापासून ई-पीक पाहणीची नोंद खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर करावयाची असते. पिकाचे छायाचित्र जागेवरच घ्यावे लागते, नोंदीस मुदत असते, आणि हीच नोंद पुढे सातबाऱ्यावर येऊन पीककर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई यांच्या कामी पाहिली जाते. अशा वेळी भर उन्हात फोन मंदावला म्हणजे खातेदार हवालदिल होतो व फोन बिघडला असे समजून नवा घेण्याच्या विचारास लागतो. वास्तविक पुष्कळदा फोन बिघडलेला नसतो. स्वतःच्या रक्षणासाठी त्याने आपली गती कमी केलेली असते. हे कसे घडते ते समजून घेतल्यास नाहक खर्च टळतो व नोंदही वेळेवर होते.

गती कोण ठरवितो ?

फोनमध्ये आकडेमोड करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात. त्याची गती दर सेकंदास पडणाऱ्या ठोक्यांवर मोजतात. सेकंदास दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ व शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ होय. ही गती कायम एकच नसते. कामाचा भार पाहून ती चढविणारी व उतरविणारी आज्ञावली फोनमध्ये असते. ॲन्ड्रॉइड फोन ज्या लिनक्स प्रणालीच्या आधारे चालतात, तीत या आज्ञावलीस ‘गव्हर्नर’ असेच नाव आहे. विहिरीवर ऑइल इंजिन चालविलेल्या शेतकऱ्यास हा शब्द नवा नाही. फरक इतकाच की, भार बदलला तरी फेरे कायम राहावेत म्हणून इंजिनाचा गव्हर्नर तेल कमीजास्त सोडतो. प्रोसेसरचा गव्हर्नर भाराप्रमाणे फेरेच कमीजास्त करतो.

गतीची मर्यादा बऱ्याच अंशी आज्ञावलीच्या हाती असते, याचे एक जुने उदाहरण आहे. २००७ साली विक्रीस आलेल्या नोकिया एन८०० या हातात मावणाऱ्या इंटरनेट-यंत्राचा प्रोसेसर आरंभी ३३० मेगाहर्ट्झ गतीने चालविला जात असे. पुढे नवी आज्ञावली भरताच तेच यंत्र ४०० मेगाहर्ट्झ गतीने चालू लागले. यंत्राचा एकही भाग बदलावा लागला नाही.

गती उतरविण्यात लाभ काय ?

प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या गतीच्या व विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गती कमी केली की दाबही कमी ठेवता येतो. समजा, गती २ गिगाहर्ट्झवरून १ वर व दाब १ व्होल्टवरून ०.८ वर आणला. दाबाचा वर्ग ०.६४ व गती निम्मी, म्हणून विजेचा खप ०.३२ पट, म्हणजे सुमारे एक तृतीयांश होतो. कामास दुप्पट वेळ लागला तरी एकूण वीज ०.६४ पटच लागते. खर्च झालेल्या विजेची अखेर उष्णताच होत असल्याने फोनही थंड राहतो.

उन्हात नेमके हेच घडते. फोन वापरण्यास ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान योग्य, असे काही उत्पादक सांगतात. विदर्भ-खानदेशात वैशाखात पारा ४० ते ४५ अंशांवर जातो. त्यात कॅमेरा चालू, स्थान शोधणे चालू, उन्हात दिसावा म्हणून पडद्याचा प्रकाश वाढलेला, आणि वरून जाड कव्हर. उष्णता बाहेर पडेनाशी झाली की फोन आपल्या गतीवर लगाम घालतो.

दोष ओळखावा कसा ?

१. उन्हात मंद, सावलीत ठीक : दोष उष्णतेचा होय. कव्हर काढून फोन पंधरा-वीस मिनिटे सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. चार्जिंग चालू असताना काम करू नये. फोन फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात मुळीच ठेवू नये. आत दव धरून कायमचा बिघाड होतो.

२. थंड असतानाही मंद : प्रथम बॅटरी-बचतीची सोय चालू राहिली आहे काय ते पाहावे. ती चालू असता गती मुद्दाम मर्यादित ठेवली जाते. काम होईपर्यंत ती बंद करावी.

३. मंद, आणि बॅटरीत वीस-तीस टक्के शिल्लक असता एकदम बंद पडतो : बॅटरी जीर्ण झाली असे समजावे. जीर्ण बॅटरी भार वाढताच पुरेशी वीज देऊ शकत नाही. आपल्या काही फोनमध्ये याच कारणास्तव गती कमी केली जाते, हे २०१७ साली ॲपल कंपनीने मान्य केले होते. अशा वेळी नवा फोन घेण्याऐवजी चांगली बॅटरी बसवून पाहावी.

४. फोन खिशातही गरम, दुपारीच बॅटरी रिकामी : येथे दोष उलट आहे. एखादे ॲप आतून सतत काम करीत असल्याने गती उतरतच नाही. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर पाहून असे ॲप शोधावे, अनावश्यक असल्यास काढावे व फोन बंद करून पुन्हा चालू करावा.

५. इतर सर्व जलद, केवळ माहिती पाठविणे अडते : हा दोष प्रोसेसरचा नसून नेटवर्कचा होय. फोन दुरुस्तीस देण्याचे कारण नाही. जेथे रेंज चांगली आहे तेथे जाऊन माहिती पाठवावी.

६. छायाचित्र घेताच अडतो, साठवणीची जागा भरल्याची सूचना येते : अनावश्यक चित्रफिती पुसून जागा मोकळी करावी.

दोन सूचना

उपाय एका वेळी एकच करावा व परिणाम पाहून मगच दुसरा करावा. खताची परीक्षा घेताना तुलनेसाठी एक वाफा तसाच राखतात, त्यातील तत्त्व येथेही लागू आहे. चार उपाय एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही, व पुढील वेळी अडचण पुन्हा तीच.

दुसरे असे की, गव्हर्नर कायम सर्वोच्च गतीवर बांधून देण्याचे आमिष दाखविणारी ॲप मिळतात. त्यांच्या नादी लागू नये. इंजिनाचा गव्हर्नर बांधून ठेवण्याचा परिणाम शेतकरी जाणतोच. गती बांधली तरी उष्णता कमी होत नाही. उलट बॅटरीचे आयुष्य घटते.

ई-पीक पाहणीस सकाळच्या थंड वेळी, फोन पूर्ण चार्ज करून व इतर ॲप बंद करून निघावे. छायाचित्रांमधील वेळात फोन छत्रीच्या किंवा झाडाच्या सावलीत धरावा. मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये. एवढी खबरदारी घेतल्यास जुन्या फोनवरही नोंद पार पडण्यास सहसा अडचण येत नाही.