गर्भवतीचे वजन

राजस्थानात बाळंतिणीच्या विश्रांतीच्या काळास 'जापा' म्हणतात. जयपूरच्या घराघरांतून त्या दिवसांत सुंठ, ओवा, डिंक आणि भरपूर तूप घालून लाडू वळले जातात. महाराष्ट्रातील डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांचे हे सख्खे भावंडच होय. परंतु हे कौतुक सुरू होते ते मूल जन्मल्यावर. त्याआधीचे नऊ महिने मात्र सून पुष्कळदा सर्वांच्या मागून जेवते, आणि तेही बेताने. पोट गच्च भरले तर गर्भाला जागा उरत नाही, मूल थोर झाले तर सुटका कठीण होते, अशी समजूत उत्तर हिंदुस्थानात आहे. आपल्याकडेही ती अनोळखी नाही.

या समजुतीला हसू नये. अडलेली बाई दगावे त्या काळची ती भीती आहे. पण जठर निराळे, गर्भाशय निराळे; आणि चांदपोलचे 'जनाना' इस्पितळ हाताशी असताना मूल लहान ठेवण्यात कसलीच सुरक्षितता नाही. कमी वजनाच्या अर्भकालाच धोका अधिक असतो.

साडेबारा किलो वजन वाढले, तर त्यात मूल जेमतेम सव्वातीन किलोचे असते. वार, गर्भजल, गर्भाशय व स्तन मिळून सुमारे तीन किलो, वाढलेले रक्त व इतर द्रव तितकेच. उरलेली चरबी म्हणजे पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने आधीच टाकलेली ठेव. सरकारी आरोग्यसेविकांना 9 ते 11 किलो वाढीचे प्रमाण शिकविले जाते. किडकिडीत स्त्रीचे वजन याहून अधिक वाढावे, स्थूल स्त्रीचे कमी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या पाहण्यांच्या आधारे, भारतीय स्त्रियांची सरासरी वाढ सातच किलोच्या आसपास आढळली. शेकडा 42 स्त्रिया गर्भारपणाच्या आरंभीच कृश होत्या.

यासाठी दोन जिवांचे दुप्पट खाणे नको. दिवसाला सुमारे 350 उष्मांक अधिक, म्हणजे बाजरीची एक भाकरी, वाटीभर डाळ आणि दही एवढे पुरते. तिसऱ्या महिन्यानंतर महिन्याला दोनएक किलो वाढ योग्य. ती एकदम तीन किलोंवर गेली, तोंड वा हात सुजले, तर रक्तदाब व लघवी तत्काळ तपासावी.

तपासणीत हा आकडा 'ममता कार्डा'वर लिहिला जातो. तो गर्भवतीइतकाच तिच्या सासूबाईंनाही समजावून सांगितला पाहिजे. कारण तुपाचा डबा बहुधा त्यांच्याच ताब्यात असतो.