खांदा दुखतो म्हणून खेळ सोडू नका

मार्च महिन्यातली गोष्ट. दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरली होती. टोकावड्याजवळच्या एका पाड्यावरचे गृहस्थ आपल्या १७ वर्षांच्या मुलीला घेऊन आले.

"डॉक्टरबाई, पोरीचा उजवा हात वर होत नाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाय. तिचा तो बॉलचा खेळ बंद करून टाकू का? तुम्ही सांगा, म्हंजे ऐकेल."

मुलगी मान खाली घालून बसली होती. बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. जूनमध्ये कॉलेजात जायचे, ऑगस्टमध्ये कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाची निवड. आठवीपासून ती शाळेच्या संघात पिचर होती. भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरात, खुंट उपटून केलेल्या मैदानावर या मुली सराव करतात. आणि आता सगळे माझ्या एका वाक्यावर येऊन थांबले होते.

वाचकहो, 'खेळ बंद करा' असे सांगणे डॉक्टरला फार सोपे असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी ते सांगितले होते. तिचा खांदा महिनाभरात बरा झाला, पण ती पुन्हा मैदानावर गेली नाही. खेळ सुटला, मग कॉलेज सुटले, आणि पुढच्या वैशाखात लग्न झाले. पुढे बाळाला डोस पाजायला आली तेव्हा तिने मला सहज विचारले, "मॅडम, थोडे दिवस थांबून पुन्हा खेळले असते, तर चालले असते ना?" चालले असते, हेच खरे उत्तर होते. ते मला त्या वेळी सुचले नव्हते. म्हणून या वेळी मी घाई केली नाही.

हा खेळ आहे तरी काय?

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात तो सुरू झाला. एका बाजूला नऊ खेळाडू, सात डाव, आणि ६० फुटांवर एकेक असे चार तळ. महाराष्ट्रात हा खेळ विदर्भ-खानदेशात चांगला रुजला. सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेला आहे. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता, २०२१ मध्ये टोकियोत पुन्हा खेळला गेला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीही त्याची निवड झालेली आहे.

नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ नसतो. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, तर हा १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान. घेर १२ इंच. वेगवान प्रकारात, ज्याला फास्टपिच म्हणतात, पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून चेंडू सोडते. महिलांमध्ये तिच्यात आणि फलंदाजात अंतर फक्त ४३ फुटांचे. मोठ्या स्पर्धांतला चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो, म्हणजे फलंदाजाला अर्धा सेकंदही मिळत नाही.

शाळेतला खेळ आणि कॉलेजातला खेळ यांत मोठा फरक पडतो. शाळेत एखादी जोरकस मुलगी एकटीच संघ तारून नेते. कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा. सामने लागोपाठच्या दिवशी, समोर तयार फलंदाज. तेथे नुसता जोर पुरत नाही, शरीर घडवावे लागते.

दुखणे कोठून आले?

हात खालून फिरतो, म्हणून या फेकीने खांद्याला इजा होत नाही, असा समज पूर्वी होता. तो चुकीचा ठरला आहे. हात वेगाने खाली येतो त्या क्षणी तो खांद्याच्या खोबणीतून जणू ओढला जातो, आणि ही ओढ जवळजवळ शरीराच्या वजनाइतकी असू शकते. ती पेलते दंडाची पुढची बेटकुळी आणि तिची खांद्यापर्यंत जाणारी शीर. म्हणून पिचर मुलींचा खांदा बहुधा पुढच्या बाजूने दुखतो. या मुलीचाही तेथेच दुखत होता.

मात्र चांगल्या पिचरचा जोर हातात नसतो. तो पायांतून निघतो, मांड्या, कंबर आणि पोटाच्या स्नायूंतून वर येतो आणि शेवटी हातातून चेंडूला मिळतो. पाय थकले की हा जोर वर पोहोचत नाही आणि सगळा भार एकट्या खांद्यावर पडतो. म्हणून मी तिला खांद्याऐवजी पायांबद्दल विचारले.

"पाय भरून येतात मॅडम. दुसऱ्या-तिसऱ्या डावानंतर उभंच राहवत नाही. चढ चढताना धाप लागते."

तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आतून पांढुरक्या. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४. या वयाच्या मुलीचे ते किमान १२ असायला हवे. आमच्या सिस्टरने तिला बाजूला घेऊन विचारपूस केली तेव्हा कळले की पाळी सहा-सात दिवस चालते आणि अंगावरून खूप जाते. हे ती घरात कुणाला बोलली नव्हती.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे मैदानावरच्या नऊ मुलींत निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी असण्याची शक्यता आहे. आणि आपण त्यांना म्हणतो, "अगं, जोर लाव!"

चेंडू मोजले, हंडे कोण मोजणार?

तिच्या क्रीडाशिक्षकांना मी निरोप धाडला. ते वहीच घेऊन आले. भला माणूस. रोज किती चेंडू टाकले ते त्यांनी लिहून ठेवले होते. आकडे थोडे जास्त होते, पण एवढा खांदा धरावा इतके नव्हते. मग मी मुलीला विचारले, "घरी काय काय करतेस?"

पाड्यावरची विहीर खोल. पहाटे दोरीने पाणी शेंदायचे, डोक्यावर एकावर एक दोन हंडे, एक हात वर करून सावरायचे. अशा चार खेपा. एक भरलेला हंडा १५ किलोच्या घरात जातो. म्हणजे सरावाला येण्यापूर्वीच तिच्या उजव्या खांद्याचा तासाभराचा व्यायाम झालेला असे, तोही उपाशीपोटी.

शहापूरची धरणे मुंबईला पाणी पाजतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मुरबाडच्या पाड्यांवरचे हालही वेगळे नाहीत. पण हा प्रश्न मुलींच्या खांद्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे मलाही त्या दिवशी प्रथमच कळले.

क्रीडाशिक्षकांच्या वहीत मी आणखी एक रकाना आखून दिला आणि वर लिहिले, 'हंडे'. वडील बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाणी तिचा भाऊ आणील." मी म्हटले, "खेळ बंद करायची गरज नाही. तीन-चार महिने मी सांगते तसे करा."

काय केले?

पहिले दोन आठवडे चेंडू टाकणे बंद. पण मैदानावर जाणे चालू. चालणे, उठाबशा, एका पायावर उभे राहणे, पाठीवर झोपून कंबर उचलून धरणे, कोपरांवर फळीसारखे ताठ राहणे. खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून हळूहळू ओढणे. याला पैसा लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून, दुखणे थांबल्यावर, २० फुटांवरून एक दिवसाआड २५ हलके चेंडू. दर आठवड्याला अंतर आणि संख्या थोडी थोडी वाढवली. दुखले की पुन्हा एक पायरी खाली. जुलैमध्ये आवणी सुरू झाली तेव्हा आम्ही व्यायाम निम्मा केला. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या मुलीला संध्याकाळी पुन्हा उठाबशा काढायला लावणे हा शहाणपणा नव्हे.

रक्तासाठी जंताची गोळी आणि रोज लोहाची गोळी दिली. पाळीच्या त्रासावरही उपचार केले. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. हिमोग्लोबिन भरल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. सहा आठवड्यांनी तिचे हिमोग्लोबिन १०.१ झाले, चार महिन्यांनी १२.२. शाळांतून दर आठवड्याला लोहाच्या निळ्या गोळ्या देण्याची सरकारी योजना २०१३ पासून आहे. अनेक मुली त्या गोळ्या खिशात घालतात आणि वाटेत टाकून देतात. शिक्षकांनी त्या समोर, जेवणानंतर खायला लावाव्यात.

ताटात काय हवे?

खेळाडूला बदाम-पिस्ते लागत नाहीत. आपल्याकडची नाचणीची भाकरी घ्या. हाडांना लागणारे कॅल्शियम तिच्यात भरपूर आहे. वाल, हुलगे, मूग, शेंगदाणे यांतून स्नायूंना प्रथिने मिळतात. अंडे किंवा बाजारातले सुकट, बोंबील आठवड्यातून तीन-चार वेळा ताटात असावेत. पावसाळ्यात रानभाज्या आहेतच. भाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा खा, त्यामुळे अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो. नुसता गूळ खाऊन रक्त भरते, हा समज सोडून द्या. गूळ जरूर खा, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

आणि एक सांगते. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवणारी मुलगी कॉलेजच्या संघात टिकणार नाही. सरावाला उपाशीपोटी पाठवू नका. अर्धी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे एवढे तरी पोटात असू द्या.

शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावे

१. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार १३-१४ वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ८० पेक्षा आणि १५ वर्षांपुढील मुलीने १०० पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. जपानच्या युकिको उएनोने २००८ च्या ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक मिळवून दिले, हे खरे. पण ती तेव्हा २६ वर्षांची, वर्षानुवर्षे तयार झालेली खेळाडू होती. तिचा दाखला शाळकरी मुलीला देऊ नये.

२. संघात एकच पिचर ठेवू नका. निदान दोघींना तयार करा. एकीचा खांदा वाचतो, दुसरीला संधी मिळते.

३. वर्षातून दोन-तीन महिने फेकीला पूर्ण विश्रांती द्या. आपल्याकडे पाऊस ती देतोच.

४. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू देऊ नका. मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध मुलांपेक्षा लवकर तुटतो. वाकलेल्या गुडघ्यांनी, हलके उतरायला शिकवा.

५. सामन्यापूर्वी दुखण्याची गोळी घेऊन खेळवू नका. दुखणे हा शरीराचा निरोप आहे.

६. रात्री खांदा ठणकणे, हाताला मुंग्या येणे, धाप लागणे, किंवा तीन महिने पाळी न येणे, यांपैकी काहीही झाले तर डॉक्टरकडे जा. पाळीबद्दल बोलायला मुलीला घरात निदान एक तरी माणूस हवे.

पुढे काय झाले?

ऑगस्टमध्ये निवड झाली. पहिली पिचर म्हणून नव्हे, दुसरी म्हणून. तिला थोडे वाईट वाटले, मला मात्र बरे वाटले. स्पर्धेत त्यांचे कॉलेज दुसऱ्याच फेरीत हरले. त्या सामन्यात तिने तीन डाव टाकले.

हे मला सांगायला तिचे वडील आले होते. "५२ बॉल टाकले, डॉक्टरबाई. खांदा दुखला नाय." आकडा त्यांना तोंडपाठ होता, कारण वही आता तेच लिहितात. मी ती मागून पाहिली. हंड्यांचा रकाना अजून आहे. फक्त त्यावर आता तिच्या भावाचे नाव आहे.