नाताळचा आहेर आणि मृगाचे बियाणे

पिशोरच्या बाजारपेठेत मार्गशीर्षात पैसा खुळखुळू लागतो. मका घरात आलेला, कापसाची वेचणी चाललेली, मजुरी हाती पडलेली. आणि याच दिवसांत नाताळ येतो. आपल्या भागातील ख्रिस्ती वस्ती आजकालची नव्हे. जालन्याजवळचे बेथेल रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच वसविले. मराठी ख्रिस्ती घरांत या सणास करंज्या-चकल्या होतात, मुलांस नवे कपडे येतात, दारी तारा लागतो. आमच्या दिवाळीचेच हे भावंड. आणि खेदाची गोष्ट ही की, दिवाळीची उधळपट्टीही त्याने उचलली आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या नाताळास हसण्यापूर्वी वाचकांनी आपली भाऊबीजेची उधारी तपासावी.

आनंद करू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप आहे तो कर्जाच्या आहेरास. व्याह्याने साडी दिली म्हणून आपण शालू द्यावयाचा, जावयास हप्त्यावर मोबाइल घ्यावयाचा, आणि त्यासाठी दरमहा शेकडा 3 दराने 10,000 रुपये काढावयाचे! नाताळपासून जूनअखेरपर्यंत सहा महिन्यांचे व्याज 1,800 रुपये झाले. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची सरकारने ठरविलेली कमाल किंमत 2024 च्या हंगामात 864 रुपये होती. म्हणजे मुद्दल जशीच्या तशी राहून व्याजातच दोन पाकिटे गेली. मृगात पेरणीस पैसा नाही म्हणून तोच गृहस्थ पुन्हा त्याच दाराशी उभा राहतो. ज्याच्याकडून कर्ज घ्यावयाचे त्याच्याजवळ परवाना आहे की नाही, हेही कोणी विचारीत नाही. वास्तविक परवान्यावाचून सावकारी करणे हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमान्वये गुन्हा आहे. वकिलीच्या धंद्यात असली प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांत कर्ज काढणाऱ्याने घरच्या बाईस आधी विचारल्याचे क्वचितच आढळले.

काटकसर म्हणजे परधर्मीयांचे अनुकरण, असे कोणी समजू नये. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने 1873 साली अत्यल्प खर्चात झाला, आणि तो दिवसही 25 डिसेंबरचाच होता. इकडे ज्याच्या जन्माचा हा उत्सव, त्याचे पहिले अंथरूण गुरांच्या गव्हाणीत होते.

भावाभावांनी बसून माणशी आहेर बंद करावा व घरटी एकच ठेवावा. लहान मुलांस मात्र वगळू नये. कापड एकत्र घ्यावे, फराळाचे जिन्नस ठोक आणून वाटून घ्यावेत. बचत गटातील बायकांनी पावसाळ्यापासूनच सणाकरिता दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवावी.

व्यापारी बंधू म्हणतील, मग आमचा गल्ला कसा भरावा? त्यांस आमचा उलट प्रश्न आहे: वहीतली थकलेली बाकी गल्ल्यात येते काय? पिशोरच्या कापड दुकानदारांनी रोखीच्या गिऱ्हाइकास दरात सूट देण्याचा प्रघात येत्या नाताळापासूनच सुरू करावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.