तार संपते तिथून पुढे

उत्सुनोमियाहून आलेली दोन डब्यांची गाडी होशाकुजी स्टेशनात थांबते. टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे ओव्हरहेड वायरला टेकलेला तो धातूचा हात, घडी होऊन खाली बसतो. असं आपल्या लोकलचं झालं तर पुढे काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको. पंखे थांबतात, दिवे मिणमिणतात आणि दारातली मंडळी माना बाहेर काढून पुढे बघायला लागतात. इथे मात्र एसीसुद्धा चालूच राहतो. दारं लागतात आणि गाडी तार नसलेल्या रुळांवरून चालू पडते. इंजिनाची धडधड नाही की धुराचा वास नाही.

जपानच्या तोचिगी प्रांतातली ही कारासुयामा लाइन. नावाचा अर्थ कावळ्यांचा डोंगर. १९२३ साली सुरू झालेला २०.४ किलोमीटरचा हा फाटा भातखाचरांतून जातो, वाटेत एका धबधब्याच्या डोक्यावरून जातो आणि कारासुयामा गावात संपतो. वाटेवरच्या एका स्टेशनाचं नाव ओगाने, म्हणजे ‘मोठा पैसा’. होशाकुजी हे नाव ज्या अक्षरांत लिहितात, त्यांत ‘खजिन्याची रास’ दडलेली आहे. त्यामुळे या दोन स्टेशनांमधलं तिकीट लोक शुभ म्हणून जपून ठेवतात. लाइनवर सात भाग्यदेवतांनाही जागा दिलेली आहे. त्यांतली बेनझाइतेन मूळची आपली सरस्वती आणि दाइकोकुतेन म्हणजे महाकाल. इतक्या दूर जाऊनही ओळखीची माणसं भेटावीत, तसं वाटतं.

उत्सुनोमिया ते होशाकुजी या बाराएक किलोमीटरच्या मुख्य मार्गावर १५०० व्होल्ट डीसीची तार आहे. मुंबईची लोकल १९२५ पासून जवळजवळ नव्वद वर्षं याच दाबावर धावली. फाट्यावर मात्र तार नाही. इनमीन दोन डब्यांच्या गाड्यांसाठी वीस किलोमीटर खांब रोवायचे, तारा ताणायच्या आणि जन्मभर त्या राखायच्या, हे कोणाला परवडणार? म्हणून इथे डिझेलच्या गाड्या होत्या. त्या उत्सुनोमियापर्यंत जायच्या तेव्हा डोक्यावर वीज वाहत असायची आणि पोटात डिझेल जळत असायचं. मार्च २०१४ मध्ये ‘अ‍ॅक्युम’ नावाची बॅटरीवर चालणारी गाडी आली आणि २०१७ पर्यंत इथलं डिझेल हद्दपार झालं.

त्या बॅटरीत किती वीज मावते? १९० युनिट. आपल्याकडे महिन्याला एवढं बिल येणारी घरं गल्लोगल्ली सापडतील. तेवढ्यावर आगगाडी? माझा विश्वास बसेना, म्हणून कागदावर हिशेब मांडला. ऐंशी टनांची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६५ किलोमीटरपर्यंत न्यायला लागतात जेमतेम साडेतीन-चार युनिट. सपाट रुळांवर ती वीस किलोमीटर लोटायला, नुसता चाकांचा अडथळा धरला तर, दहाच्या आत-बाहेर. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा करून पाहिला. तेवढाच आला.

ही सगळी किमया पोलादावर फिरणाऱ्या पोलादाची. चाक रुळाला टेकतं ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. रबरी टायर रस्त्यावर सतत दबतो, फुगतो आणि त्यात ऊर्जा घालवतो. पोलाद जवळजवळ दबतच नाही. शिवाय ब्रेक लावले की मोटार उलटी कामाला लागते आणि वेगातली बरीचशी ऊर्जा पुन्हा बॅटरीत जमा करते. बाकीची शिल्लक चढ, हवेचा अडथळा, एसी आणि अडीअडचणीसाठी. बॅटरी दरवेळी तळापर्यंत खरवडली तर ती लवकर म्हातारी होते, हेही आहेच.

कल्पना काही आजची नाही. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ सालीच रुळांवर बॅटरीचं इंजिन चालवून दाखवलं होतं, माणसाच्या चालीपेक्षा फार वेगाने नव्हे. आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम यांच्या बॅटरीवरच्या गाड्या १९३२ पासून १९४९ पर्यंत डब्लिन ते ब्रे धावत होत्या. जर्मनीत तर शिशाच्या जड बॅटऱ्या पोटात घेतलेल्या गाड्या १९९५ पर्यंत प्रवासी नेत होत्या. मग लिथियम-आयन आली, वजन उतरलं आणि झटपट भरणं जमू लागलं.

मला सगळ्यात भुरळ घातली ती या भरण्यानेच. समजा, परतीच्या वाटेआधी चाळीस युनिट भरायचे आहेत. घरच्या गीझरच्या सॉकेटमधून तेवढे भरायला अकरा तास लागतील. कारासुयामाला गाडी दहाएक मिनिटं चार्जिंगला लावतात.

यातली मेख वेगळीच आहे. धावत्या गाडीचा पेंटोग्राफ तारेवरून सतत घसरत असतो, त्यामुळे तारेचा कुठलाच बिंदू फार वेळ तापत नाही. तार मुद्दाम किंचित नागमोडी ताणलेली असते, म्हणजे पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टीही एकाच जागी झिजत नाही. पण उभ्या गाडीने तारेच्या एकाच ठिकाणाहून घसाघसा वीज ओढली, तर ती बारीक तार तिथेच तापून मऊ पडेल. म्हणून कारासुयामाच्या फलाटावर तार नाहीच. तिथे लटकते एक जाड, ताठ धातूची पट्टी, गाडी उभी राहते तेवढ्याच जागेपुरती. अख्ख्या फाट्यावर, मुख्य मार्ग सोडल्यापासून, डोक्यावर वीज आहे ती एवढीच.

गाडी त्या पट्टीखाली येऊन थांबते. हात वर जातो. डब्यातल्या पडद्यावर वीज वरून बॅटरीकडे जाताना दिसते. थोड्या वेळाने हात पुन्हा खाली येतो आणि गाडी होशाकुजीच्या दिशेने निघते.