लांबच्या विमानप्रवासात लहानग्यांना रमवताना

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायलाही 15-16 तास लागतात. दोन-तीन वर्षांचं मूल एका खेळात फार वेळ रमत नाही, म्हणून सगळी खेळणी एकदम काढू नका. एक पिशवीत गेलं की मगच दुसरं बाहेर. काढून पुन्हा चिकटवता येणारे स्टिकर आणि पाण्याने रंगवायची पुस्तकं सर्वांत उपयोगी. आवाज करणारी खेळणी घरीच बरी. टॅब्लेट जरूर द्या, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. मात्र कार्टून आधीच डाउनलोड करा आणि मुलाच्या मापाचा हेडफोन सोबत घ्या.

खरी कसोटी विमान उतरताना. केबिनमधला दाब वाढतो आणि कानाला दडे बसतात. मुलांच्या कानातली नळी अरुंद असल्याने त्यांना जास्त दुखतं. गिळताना ही नळी उघडते, म्हणून विमान खाली येऊ लागताच दूध किंवा पाणी घोट-घोट पाजत राहा. मूल झोपलं असेल तर उठवा.

आणि शेजारच्या आसनावर तुम्ही असाल, तर रडणाऱ्या बाळाच्या आईकडे रागाने बघू नका. तिची पिशवी थोडा वेळ धरा.