ग्वाल्हेर : सहलीचा शेवटचा दिवस

थंडी पडली की महाराष्ट्रातून उत्तरेकडे येणाऱ्या इतिहास-सहलींच्या बस ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर दिसू लागतात. पाठीवर सॅक, गळ्यात मफलर आणि धुळीने रंग बदललेले बूट अशी मंडळी त्यातून उतरतात. कोणी कॉलेजातले, कोणी नुकतेच निवृत्त झालेले. पानिपत, आग्रा, ओरछा, दतिया, झाशी यांपैकी बरेच काही पाहून झालेले असते. आग्रा इथून साधारण १२० किलोमीटर, झाशी १००, आणि मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग शहरातूनच जातो. त्यामुळे सहलीचा शेवट ग्वाल्हेरला करणे आयोजकांच्या सोयीचे असते. सकाळी बेडई, तिखट बटाट्याची भाजी आणि जिलबी, दिवसभर शहर, संध्याकाळी पुण्याकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस. निघण्यापूर्वी मुरैनाच्या गजकाची पाकिटे सॅकमध्ये कोंबायची, की सहल संपली.

बहुतेक सहली आदला दिवस मुरैना जिल्ह्यात घालवतात आणि तो दिवस सत्कारणी लागतो. एका टेकडीच्या माथ्यावर मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर आहे. त्याची वर्तुळाकार ओवरी पाहून कोणीतरी दिल्लीच्या जुन्या संसद भवनाची आठवण काढतोच. नक्कल केल्याचा कागदोपत्री पुरावा नाही, पण वाटाडे ही गोष्ट सोडत नाहीत. जवळच बटेश्वर आहे. तिथली सुमारे दोनशे लहान-मोठी देवळे शतकानुशतके दगडांचा ढीग होऊन पडली होती. २००५पासून पुरातत्त्व विभागाचे के. के. मुहम्मद यांनी त्यातली अनेक देवळे दगडाला दगड जुळवून उभी केली. तेव्हा हा भाग चंबळच्या डाकूंचा होता. काम सुरू ठेवायचे तर त्यांच्याशी बोलावे लागे, आणि मुहम्मद बोलले. पुढे डाकू संपले तेव्हा खाणवाल्यांचे सुरुंग देवळांच्या जवळ आले.

शेवटच्या दिवसाची सकाळ किल्ल्याची. वाहने पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जातात. वाटेत कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती दिसतात. बाबराने त्या फोडण्याचा हुकूम दिला होता. तसे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. वर मानसिंह तोमराचा निळ्या फरशांचा राजवाडा, सासबहूची देवळे, उंच तेली मंदिर, आणि गुरू हरगोविंद यांच्या कैदेची व सुटकेची आठवण सांगणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा.

मात्र ज्यांच्या पायांत अजून बळ आहे त्यांनी पूर्वेच्या बाजूने, गुजरी महालापासून चढावे. त्या चढणीवर खडकात कोरलेले एक छोटे चतुर्भुज मंदिर लागते. इसवी सन ८७६च्या तिथल्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे कोरले आहेत. त्यांतली शून्ये आजच्यासारखीच गोल आहेत. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांत त्यांची गणना होते. वाहनाने वर गेलेल्यांना हे मंदिर दिसतच नाही.

दुपार दोन ठिकाणांची. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि घोड्यावरचा पुतळा. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शिंद्यांचा जयविलास राजवाडा. समाधीपाशी सगळे गंभीर होतात, फुले वाहतात, घोषणा देतात. तासाभराने तेच लोक जयविलासच्या दरबार हॉलमध्ये माना वर करून झुंबरे पाहत असतात. एकेक झुंबर साडेतीन टनांचे. ते टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावायला हत्ती वर चढवले होते, ही कथा प्रत्येक वाटाड्याला पाठ असते. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडीही इथेच आहे.

या दोन थांब्यांच्या मध्ये जे सांगायला हवे ते बहुतेक सहलींत कोणी सांगत नाही. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर चालून आले. तेव्हा विशीतले जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने तोफा घेऊन सामोरे गेले. त्यांचेच बहुतेक सैन्य बंडवाल्यांना जाऊन मिळाले आणि महाराजांना आग्र्याला पळावे लागले. रावसाहेबांनी ग्वाल्हेरात दरबार भरवला. पंधरवड्यात इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ शहराजवळच्या मुरार छावणीवर चालून आला. कोटा की सराय इथल्या लढाईत राणी पडल्या. इंग्रजी कागदांत तारीख १७ जून आहे, पण पुण्यतिथी १८ला पाळतात. २० जूनला किल्ला इंग्रजांनी घेतला, जयाजीराव परत गादीवर बसले आणि १८७४मध्ये त्यांचा जयविलास उभा राहिला.

म्हणजे समाधी आणि राजवाडा ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि दोन्हीकडे मराठीच माणसे आहेत. गोष्ट तिथे संपतही नाही. १८६१मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना दिले. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला. १८८६मध्ये अदलाबदल झाली : किल्ला आणि मुरार शिंद्यांना, झाशी इंग्रजांना. काल-परवा झाशीत 'खूब लडी मर्दानी'च्या वातावरणात भारावलेल्या प्रवाशाला हे ऐकून अवघडल्यासारखे होते. इतिहास पाहायला निघालेल्यांनी एवढे अवघडलेपण सोसायला हरकत नाही.

खरे मराठी ग्वाल्हेर मात्र सहलीच्या यादीत कुठेच नसते. ते किल्ल्याखाली, लष्कर नावाच्या भागात आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये उज्जैन सोडून इथे तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले, आणि छावणीचे शहर झाले. फालका बाजार, शिंदे की छावणी, कंपू ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. मध्यभागी महाराज बाडा : टपाल कार्यालय, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट अशा वेगवेगळ्या घाटाच्या इमारतींनी घेरलेला चौक. बाजूला गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटलांचे घराणे इथवर कसे पोहोचले, हे झुंबरांपेक्षा या गल्ल्यांत जास्त कळते.

याच लष्करातून महाराष्ट्राला ख्याल मिळाला. शिंद्यांच्या दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे भाऊ गात. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेत परतले. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले, आणि पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. इथे मागे राहिलेल्या परंपरेत कृष्णराव शंकर पंडित १९८९पर्यंत होते. माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने १९१८मध्ये सुरू केलेले माधव संगीत महाविद्यालय आजही इथे आहे. सहलीतले अनेकजण तानसेनाच्या कबरीपाशी चिंचेची पाने चघळून येतात. गळा सुधारतो अशी समजूत आहे.

भाषेचा हिशोब वेगळा. संस्थानाचे राजकवी भा. रा. तांबे यांनी मराठीत लिहिले आणि १९४१मध्ये ते ग्वाल्हेरातच वारले. याच संस्थानातल्या श्योपूरला १९१७मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, पण हिंदीचे मोठे कवी झाले; धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे नेहमीचे चित्र. १९५६मध्ये मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले, राजधानी भोपाळला गेली. तरी गणपती बसतात, हळदीकुंकू होते. अनोळखी मराठी आवाज कानावर पडला तर म्हातारी माणसे 'आप पूना से?' म्हणून थांबतात आणि दुसरे वाक्य मराठीत बोलतात.

सहली आखणाऱ्यांना म्हणून एक सुचवणे आहे. मुक्काम एका रात्रीने वाढवा. किल्ला आदल्या दिवशी, पूर्वेच्या चढणीने पायी करा. समाधी आणि जयविलास सलग पाहा, पण १८५८ची हकीकत बसमध्येच सांगून टाका. शेवटची दुपार लष्करात पायी फिरण्यासाठी मोकळी ठेवा आणि एखाद्या स्थानिक मराठी कुटुंबाला सोबत यायची विनंती करा. डिसेंबरात आलात तर तानसेन समारोह गाठा. आणि पुण्याला उतरल्यावर वानवडीला जाऊन या : महादजी शिंद्यांची समाधी तिथे आहे, आणि ग्वाल्हेर पाहून आलेल्या किती पुणेकरांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न सहलीत एकदा विचारून बघा.